फर्स्ट एडच्या पेटीतला डिस्लेक्सिया

शाळेत किस्से घडायला वेळ लागत नाही, सांगायला मात्र वेळ मिळत नाही. मधली सुट्टी पंधरा मिनिटांची. त्यातली आठ मिनिटं चहा यायला जातात, तीन मिनिटं बिनसाखरेचा कप कोणाचा हे ठरवण्यात जातात. उरलेल्या वेळात किस्सा जेमतेम निम्म्यावर येतो आणि घंटा होते. असे निम्मे राहिलेले किस्से माझ्याकडे बरेच साठले आहेत. परवा एव्हरशाईन सिटीत एका मित्राच्या घरी जमलो होतो. तिथे कोणीतरी विचारलं, "राऊत, तू पीटीचा मास्तर. तुझा आणि त्या डिस्लेक्सियाचा संबंध काय?" जेवण व्हायला अजून तासभर होता आणि घंटा देणारं कोणी नव्हतं. म्हणून एकदाचे सगळे पूर्ण सांगून टाकले.

आमची शाळा सरकारी. वसई गावात, पहिली ते दहावी. मैदान छोटं, मुलं भरपूर.

*

संबंध जुळला तो असा. एका शनिवारी मच्याडो मॅडमनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, मीटिंग घेतली. वरून पत्र आलं होतं. अध्ययन अक्षम, म्हणजे डिस्लेक्सिया वगैरे असलेल्या मुलांसाठी प्रत्येक शाळेने एक शिक्षक नेमावा आणि त्याचं नाव त्याच दिवशी कळवावं.

मॅडमनी पत्र वाचलं आणि वर बघितलं. सगळ्यांनी खाली बघितलं. मराठीच्या नाईक मॅडम पर्समध्ये काहीतरी शोधायला लागल्या. मी बाहेर मैदानावर चुना मारून घेत होतो, त्यामुळे मला खाली बघायची संधीच मिळाली नाही.

आमचे क्लार्क भोईर म्हणाले, "मॅडम, फर्स्ट एडची पेटी राऊत सरांकडेच असते."

त्यावर कोणालाच काही आक्षेप नव्हता. मी हात धुऊन आत आलो तोवर पत्र टाइप होऊन आवक-जावकला गेलंसुद्धा होतं.

दोन आठवड्यांत बातमी मुलांपर्यंत पोचली. सातवीतला एक पोरगा चिठ्ठी घेऊन आला. 'मला कालपासून डिस्लेक्सिया झाला आहे, तरी आज धावण्यातून सूट मिळावी, ही नम्र विनंती.' खाली वडिलांची सही, त्याच पेनाने.

मी चिठ्ठी दोनदा वाचली. ऱ्हस्व-दीर्घासकट एकही चूक नव्हती. म्हटलं, "तुला झालेला नाही. चार राउंड मार."

*

मग ट्रेनिंग आलं. शिकवायला सोनल मॅडम होत्या. पंचविशीच्या, तालुक्याच्या ऑफिसातून शाळाशाळा फिरणाऱ्या विशेष शिक्षिका. त्यांनी आमच्या सगळ्या स्टाफला एकेक कागद दिला. त्यावर मराठीच परिच्छेद होता, पण काही अक्षरं उलटी, काही एकमेकांत घुसलेली, मात्रा भलत्याच ठिकाणी. "एकेकाने उठून मोठ्याने वाचा," त्या म्हणाल्या. "अशा मुलांना पुस्तक साधारण असं अवघड जातं."

पहिल्या नाईक मॅडम. तेवीस वर्षं मराठी शिकवतायत. दोन शब्दांवर अडल्या. सोनल मॅडम मुद्दामच घाई करायला लागल्या. "लवकर. सोपं तर आहे. बाकीच्यांना येतंय, तुम्हालाच कसं येत नाही? घरी अभ्यास करता की नाही?" नाईक मॅडमचा चेहरा लाल झाला. त्यांनी कागद बाकावर आपटला आणि म्हणाल्या, "मी नाही वाचणार."

सोनल मॅडम हळूच म्हणाल्या, "मुलंपण हेच म्हणतात."

प्रसंग इथेच संपला असता तर ट्रेनिंग अगदी यशस्वी झालं असतं. पण मागच्या बाकावर भोईर बसले होते. ते केवळ हजेरीची सही घ्यायला आले होते. त्यांच्याही हातात कोणीतरी कागद दिला होता. ते उठले आणि अख्खा परिच्छेद पहिल्यापासून शेवटपर्यंत एका दमात वाचून बसले.

सोनल मॅडम चकित. "सर, हे तुम्हाला कसं जमलं?"

"मी इतकी वर्षं नाईक मॅडमचं अक्षर वाचतोय," भोईर म्हणाले. "हे तर टाइप केलेलं आहे."

दुसऱ्या दिवशी नाईक मॅडम स्टाफरूममध्ये आठवीची प्रगतिपत्रकं घेऊन बसल्या होत्या. एका मुलाच्या पत्रकावर शेऱ्याच्या जागी तीन वर्षं ओळीने 'आळशी' असं लिहिलेलं होतं. तिन्ही वेळा त्यांच्याच हाताने. त्यांनी ते पत्रक माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाल्या, "राऊत सर, ह्याला जरा बघता का?"

त्या पोराचं नाव हर्षल कोळी. राहणार पाचूबंदर.

*

हर्षल तोंडी काहीही सांगायचा. वर्गात ऐकलेला धडा दुसऱ्या दिवशी जसाच्या तसा बोलून दाखवायचा. पुस्तक उघडलं की मात्र गप्प. लिहायला दिलं की 'मासा'चा 'सामा' व्हायचा, आणि कोळ्याच्या घरात हे फारच वाईट दिसायचं.

सोनल मॅडमनी तपासलं आणि सांगितलं, पालकांना बोलवा. मी चिठ्ठी पाठवली. 'आपला पाल्य अध्ययन अक्षम असल्याचे दिसते. तरी सोमवारी शाळेत यावे.'

सोमवारी हर्षलचे आई-वडील आले, बरोबर आत्या, दोन काका, शेजारचे एक म्हातारबाबा आणि एक किलो पेढे. वडिलांनी पांढरा शर्ट घातला होता. आईने आल्या आल्या मच्याडो मॅडमच्या हातावर पेढा ठेवला, मग माझ्या, मग अख्ख्या स्टाफरूममध्ये फिरून सगळ्यांना वाटले. कशाचे, हे विचारायचं कोणालाच सुचलं नाही. आम्ही खाल्ले.

खाऊन झाल्यावर आई म्हणाली, "सर, पोरगा अध्यक्ष झाला आनि आमाला चिठ्ठीनं कळवता. आदी सांगितलं असतं तर हार आनला असता."

वडिलांना वाचता येत नव्हतं. चिठ्ठी शेजारच्या म्हातारबाबांनी वाचली होती, चष्मा दुरुस्तीला गेलेला असताना. 'अध्ययन अक्षम'चं त्यांनी 'अध्यक्ष' करून टाकलं होतं.

मी मच्याडो मॅडमकडे बघितलं. त्यांच्या तोंडात अजून पेढा होता. त्यांनी तो शांतपणे संपवला, रुमालाने बोटं पुसली आणि म्हणाल्या, "हो. हर्षल आपल्या वाचनालय समितीचा अध्यक्ष आहे."

आम्हाला वाचनालय होतं. समिती नव्हती. ती त्या दिवशी झाली.

नंतर मी आई-वडिलांना बाजूला बसवून खरं काय ते सांगितलं. हुशार आहे, पण वाचताना त्याचा मेंदू अक्षरं वेगळ्या तऱ्हेने हाताळतो, ह्यात त्याचा दोष नाही, मदत केली तर जमेल. वडील जमिनीकडे बघत होते. आई ऐकून घेऊन म्हणाली, "मंग ह्यो बापावर गेला. ह्याच्या बापाला पन अक्षरं दिसतान, पन लागत नाय. आमाला वाटलं, शाळाच बरोबर नवती." वडिलांनी मान वर केली. बायकोकडे नाही, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "ह्याला नाव हाय?"

"आहे," मी म्हटलं.

"मंग लिवून द्या," ते म्हणाले.

अध्यक्ष मात्र उत्तम निघाला. पुस्तकांची नावं वाचायला नको, म्हणून त्याने सगळी पुस्तकं रंग, जाडी आणि वास ह्यांवरून लावली. सहा महिन्यांनी तपासणीला साहेब आले. त्यांनी यादीतला क्रमांक सांगून एक पुस्तक मागितलं. भोईरना सापडेना, नाईक मॅडमना सापडेना. शेवटी हर्षलला बोलावलं. त्याने विचारलं, "हिरवं, पातळ, कोपरा उंदराने खाल्लेला, ते?" साहेबांनी यादीत बघितलं. यादीत उंदराचा उल्लेख नव्हता. पुस्तक तेच होतं.

*

हा किस्सा छोटा आहे. सोनल मॅडम दर गुरुवारी हर्षलला शिकवायला यायच्या. त्यांना ताटभर वाळू हवी होती. वाळूत बोटाने अक्षर गिरवलं की लक्षात राहतं म्हणून. समुद्र शाळेपासून चालत दहा मिनिटांवर.

भोईर म्हणाले, "वाळू अशी उचलता येत नाही. परवानगी लागते." आणि त्यांनी खरोखरच पत्र टाकलं.

हर्षलने दुसऱ्या दिवशी डब्यातून वाळू आणली. तो त्या वाळूत 'क' शिकला, 'फ' शिकला, जोडाक्षरं शिकला, सावकाश का होईना एक अख्खं पान वाचायला लागला. नववीही संपत आली. आणि मग पत्राचं उत्तर आलं. 'आपल्या शाळेच्या नवीन इमारतीच्या बांधकामास तूर्त मंजुरी देता येत नाही.'

भोईरनी ते फाइलला लावलं आणि हर्षलला म्हणाले, "सांभाळून गिरव. मजला चढवायचा नाही."

*

दहावीला जादा वेळ आणि लेखनिक, म्हणजे आपण सांगायचं आणि दुसऱ्याने लिहायचं, ह्या सवलती हव्या असतील तर सरकारी हॉस्पिटलचं सर्टिफिकेट लागतं. त्यासाठी हर्षलला घेऊन मी मुंबईला चार खेपा घातल्या. दिवस दिवसभर तपासण्या झाल्या. शेवटी सर्टिफिकेट हातात आलं. त्यावर नाव होतं 'हर्षला कोळी', आणि पुढे 'स्त्री'.

खिडकीवर गेलो. आतले गृहस्थ म्हणाले, "दुरुस्तीचा अर्ज द्या. विद्यार्थ्याच्या स्वतःच्या अक्षरात, खाडाखोड न करता."

मी म्हटलं, "साहेब, त्याला लिहिता येत नाही, असं तुम्हीच ह्या कागदावर लिहून दिलंय."

"ते डॉक्टरांनी लिहिलंय. अर्ज माझ्याकडे असतो."

हर्षल बाकावर बसला आणि लिहायला लागला. चार कागद गेले. पाचवा त्याने खिडकीत दिला. गृहस्थांनी लाल पेन काढलं, अकरा चुकांना गोल केले आणि कागद परत दिला. "शुद्ध लिहून आण."

हर्षलचे कान लाल झाले होते. तो सहावा कागद घ्यायला लागला. तेव्हा मी खिडकीत डोकं घातलं आणि म्हटलं, "साहेब, हा अर्ज त्याने बिनचूक लिहिला तर तुमचं सर्टिफिकेट खोटं ठरेल. मग दुरुस्ती कशाची करणार?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग अर्ज घेऊन आतल्या मोठ्या साहेबांकडे गेले. पाऊण तासाने परत आले. अर्जावर मोठ्या साहेबांचा शेरा होता, 'अर्जातील चुका पाहिल्या. पुरेशा आहेत. मंजूर.'

नवीन सर्टिफिकेट आलं. हर्षल होता, पुरुष होता. आडनाव 'गोळी' होतं.

हर्षलने ते अक्षर अक्षर लावून वाचलं, मग खिडकीतल्या गृहस्थांकडे बघितलं आणि हळू आवाजात मला विचारलं, "सर, ह्यांना पन आहे का?"

*

तिसरं सर्टिफिकेट बरोबर निघालं. आता लेखनिक. नियम असा की, लेखनिक परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतला असावा, म्हणजे तो स्वतःच्या डोक्याने उत्तरं लिहिणार नाही. आम्ही नववीतली अलिशा निवडली. वर्गात पहिली येणारी, अक्षर छापल्यासारखं. नाईक मॅडमनीच सुचवली. आमची हीच चूक झाली.

पूर्वपरीक्षा शाळेतच होती. हर्षल मोठ्याने सांगणार, म्हणून त्याला वेगळी खोली हवी. वेगळी खोली एकच होती, खिचडीची. तिथे मालती मावशी लहान वर्गांचा पोषण आहार शिजवतात. तेव्हा एका कोपऱ्यात बाक टाकून हर्षल आणि अलिशा, दुसऱ्या कोपऱ्यात मावशी आणि पातेलं, मध्ये खुर्चीवर सुपरवायझर म्हणून मी.

विज्ञानाचा पेपर. अलिशाने प्रश्न वाचला, "ध्वनीच्या प्रसारणासाठी माध्यमाची आवश्यकता असते का?"

हर्षल म्हणाला, "नसते."

अलिशाने पेन उचलून धरलं.

मी म्हटलं, "लिही. तो सांगेल ते लिहायचं."

"सर, पण ते चूक आहे."

"तुझा पेपर नाहीये."

"अक्षर तर माझं आहे," अलिशा म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

शेवटी तिने लिहिलं. पेपर तपासायला गेला तेव्हा कळलं की, प्रत्येक चुकीच्या उत्तरापुढे तिने कंस करून बारीक अक्षरात 'असे हर्षलचे म्हणणे आहे' असं लिहून ठेवलं होतं. एकूण सात ठिकाणी.

तिसऱ्या दिवशी माझ्या आणखी एक गोष्ट लक्षात आली. हर्षल उत्तर सांगायचा, जरा थांबायचा आणि कधी कधी बदलायचा. बदललेलं उत्तर हमखास बरोबर असायचं. मी कान दिला. मावशी पळीने खिचडी ढवळत होत्या. उत्तर बरोबर असलं की पळी चालू. चुकलं की पळी थांबायची.

मी मावशींना बाहेर बोलावलं. म्हटलं, "मावशी, तुम्हाला काय माहीत कुठलं बरोबर?"

"नऊ वर्षं झाली, सर," त्या म्हणाल्या. "पलीकडे दहावीचा वर्ग. खिडकी उघडीच असते. दरसाल तेच शिकवतात."

मी म्हटलं, "ठीक आहे, पण आता एकसारखं ढवळा."

"आणि चुकीचं उत्तर आल्यावर हात आपोआप थांबला तर?"

"तर थांबवू नका."

त्या दिवशी हर्षलला भूगोलात कमी मार्क पडले. खिचडी मात्र चांगली झाली होती.

*

बोर्डाची परीक्षा. सेंटर वसईतच दुसऱ्या शाळेत. पहिला पेपर मराठीचा, अकराला. साडेनऊला अलिशाच्या वडिलांचा फोन आला. तिला कांजिण्या झाल्या होत्या.

मी, भोईर आणि हर्षल गेटवर उभे. मालती मावशीही आल्या होत्या, हर्षलच्या हातावर घालायला दही-साखरेची वाटी घेऊन. मी आत जाऊन केंद्रप्रमुखांना भेटलो. ते म्हणाले, "लेखनिक बदलता येईल. पण दहावी न झालेला पाहिजे, आणि तसा कागद पाहिजे. साडेदहाच्या आत."

नववीची मुलं फोन केल्यावर कुठे घरी असतात? दोन क्लासला गेलेली, एक गावाला. शेवटी आम्ही रस्त्यावर विचारत सुटलो. गेटवरचा वॉचमन बारावी पास. ज्या रिक्षाने हर्षल आला तिचा ड्रायव्हर बीए, इतिहास घेऊन. पाववाला बीकॉम, आणि वर मला म्हणाला, "एमकॉमचा फॉर्म भरलाय." त्या सकाळी अख्ख्या वसईत दहावी न झालेला माणूस मिळेना. हर्षलचे वडील चालले असते, पण त्यांना लिहिता येत नव्हतं, आणि ते समुद्रावर होते.

हर्षल भिंतीला टेकून उभा होता. म्हणाला, "सर, मी एकटाच बसतो. होईल तेवढं लिहितो." हे तो ज्या आवाजात म्हणाला, तो आवाज मला आवडला नाही. त्या आवाजात सगळं आधीच संपलं होतं.

तेव्हा मालती मावशी म्हणाल्या, "माझी नववीच झालीये."

भोईर म्हणाले, "मावशी, काहीतरी काय. तुमच्या फॉर्मवर दहावी पास आहे."

"फॉर्म तू भरलास. मला विचारलंस, दहावी ना? मी गप्प बसले."

मावशी वाटीत बघत होत्या. म्हणाल्या, "लग्न ठरलं, शाळा सुटली. ह्याच शाळेत होते मी. रजिस्टरला असेल."

भोईरनी स्कूटरला किक मारली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कोणताही अर्ज न मागता एक कागद काढला. दहा सत्तावीसला ते मावशींच्या जुन्या दाखल्याची प्रत घेऊन आले. घामाघूम, हेल्मेट तसंच डोक्यावर. केंद्रप्रमुखांनी दाखला वाचला, मावशींकडे बघितलं, नियम परत वाचला. म्हणाले, "खालच्या इयत्तेतला असावा, एवढंच आहे. वयाचं काही नाही."

मावशींनी पदराला हात पुसले आणि आत गेल्या.

पेपर तीन तासांचा, वर जादा वेळ तासाचा. मी सगळा वेळ गेटवर उभा. दही-साखर माझ्याच हातात राहिली होती, शेवटी मीच खाल्ली. तीनच्या सुमारास दोघं बाहेर आले. मी हर्षलला विचारलं, "कसा गेला?"

"बरा गेला, सर. मावशी सांगेन तेच लिहितात. कंस नाय करत."

मावशी मागून येत होत्या. बोटांना शाई. मी विचारलं, "थकलात?"

त्या म्हणाल्या, "सर, पेपर सोपा होता." आणि रिक्षात बसेपर्यंत परत परत तेच म्हणत राहिल्या, जरा रागानेच. "सोपा होता हो. एवढंच असतं होय?"

सगळे पेपर मावशींनीच लिहिले. त्या दिवसांत लहान वर्गांची खिचडी मच्याडो मॅडम आणि मी करत होतो. त्याबद्दल मुलं अजून बोलतात, तो विषय नको.

हर्षल पास झाला आणि अकरावीला गेला.

*

आता शेवटचा. मावशींनी त्याच वर्षी बाहेरून दहावीला बसायचा फॉर्म भरला. ह्या वेळी भोईरनी प्रत्येक रकाना मोठ्याने वाचून, विचारून विचारून भरला. मावशी दुपारी भांडी घासून झाली की नाईक मॅडमकडे बसायच्या.

परीक्षेला महिना असताना त्या नळाजवळ घसरल्या आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर. डॉक्टर म्हणाले, दोन महिने पेन धरायचं नाही. म्हणजे लेखनिक आला.

मावशींनी नाव आधीच ठरवलं होतं. "हर्षल लिहील."

मी म्हटलं, "मावशी, नियमात बसणार नाही. तो अकरावीला आहे."

"त्याचं मी लिहिलं. माझं तो लिहील. तुम्ही पाठवून तर बघा."

स्टाफरूममध्ये सगळे होते. हर्षलने मावशींचा पेपर लिहायचा म्हणजे काय होईल, हे प्रत्येकाच्या मनात आलं असणार. नाईक मॅडमच्या तर नक्कीच. तरीही भोईरनी प्रस्ताव तयार केला, मच्याडो मॅडमनी सही केली आणि तो गेला.

पुढचं सांगून टाकतो. मावशींचे पेपर आठवीतल्या एका मुलीने लिहिले आणि मावशी पहिल्या फटक्यात पास झाल्या. पण किस्सा तो नाही.

प्रस्तावाचं उत्तर आठवड्याने आलं. योगायोगाने हर्षल त्या दिवशी शाळेत होता, मावशींना भेटायला आलेला. भोईरनी पाकीट फोडलं, पत्रावर नजर टाकली आणि ते हर्षलच्या हातात दिलं.

तो खिडकीपाशी गेला. उजेडात पत्र धरलं, बोट ओळीखाली ठेवलं आणि वाचायला लागला. मोठ्याने, एकेक शब्द. 'उपरोक्त' त्याला दोनदा लागला नाही. चहा आला होता, पण कपाला कोणी हात लावला नाही. घंटा झाली, तरी तासाला कोणी उठलं नाही. नाईक मॅडमचे ओठ हलत होते, पण त्यांनी शब्द पुरवला नाही.

"सुच… सुचविलेले लेखनिक… श्री. हर्षल कोळी हे… परी… परीक्षार्थींपेक्षा… अधिक… शि… शिक्षित… असल्याने… सदर प्रस्ताव… अमान्य… करण्यात येत आहे."

तो थांबला. बोट मागे नेलं आणि मधला तेवढाच भाग परत वाचला. ह्या वेळी अडला नाही.

मग भोईरना म्हणाला, "काका, ह्याची झेरॉक्स मिळेल का? आईला दाखवायची आहे."

भोईर उठले, झेरॉक्स काढून आणली, पंच केली आणि फाइलला लावली. मूळ पत्र त्यांनी त्याला दिलं.